उथळ पाण्याचा हिरवा चौकोन

माझा मुलगा बास्तियान पन्नास वर्षांचा झाला त्या वर्षीची, म्हणजे २०२३ सालची ही गोष्ट. सुनेने आमच्या पद्धतीप्रमाणे दारासमोर अब्राहम, म्हणजे पन्नाशीचा बाहुला, उभा केला होता. जुन्या पँटमध्ये आणि कोटात पेंढा भरलेला, डोक्यावर माझ्या वडिलांची टोपी आणि गळ्यात ‘पन्नाशी पाहिली’ अशी पाटी. हॉलंडमधल्या वेर्केन्डाम गावच्या आमच्या गल्लीतून जाणारा प्रत्येक जण सायकलची घंटी वाजवून पुढे जात होता.

घरात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. येणारा पाहुणा आधी सगळ्यांशी हात मिळवायचा. मला म्हणायचा, “मुलाबद्दल अभिनंदन.” माझ्या भावाला, आरीला म्हणायचा, “भाच्याबद्दल अभिनंदन.” आरी प्रत्येकाला एकच उत्तर देत होता, “माझा त्यात काही हात नाही.”

केक संपल्यावर आरी ग्लास घेऊन उभा राहिला. “मागच्या ऑगस्टला!” तो म्हणाला. सगळे हसले आणि सगळ्यांनी ग्लास उचलले.

मागच्या ऑगस्टात ऱ्हाईनचं पाणी फार उतरलं होतं. वर जर्मनीत काउब म्हणून गाव आहे. तिथल्या पातळीपट्टीवर काय आकडा आहे, हे आमच्या मालबोटींच्या धंद्यातला माणूस सकाळी तोंड धुण्याआधी बघतो. आकडा खाली गेला की बोटी निम्म्याच, कधी त्याहूनही कमी भरता येतात, आणि म्हणून गिऱ्हाइकाला भाड्यावर जादा आकार द्यावा लागतो. करारात तसं लिहिलेलंच असतं. पाणी जितकं खाली, तितका आकार वर. आमचे वडील काउबचा आकडा पडला की जेनेव्हर दारूची बाटली उघडायचे. आम्ही भावंडं त्यावरच वाढलो. कोरडा उन्हाळा म्हणजे चांगलं वर्ष, हे मला अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी कळत होतं.

तर त्या ऑगस्टात हाती आलेल्या पैशाच्या जोरावर बास्तियानने वाढदिवसाच्या त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, की कंपनी दोन नव्या बोटी बांधणार. एकशे पस्तीस मीटर लांब, खोल बुडाच्या, आमच्या ताफ्यातल्या सगळ्यांत मोठ्या. कंपनीचे भागीदार आम्ही तिघेच, मी, आरी आणि बास्तियान. अध्यक्ष मी. सही माझी लागणार होती. मी म्हटलं, “शाबास.” आणि मला ते मनापासून वाटत होतं.

अडचण आणली ती बँकेने. बँक म्हणाली, कर्ज देऊ. पण कंपनीची शाश्वतता तपासणी करून घ्या, आणि तिच्यात जे निघेल ते तुमच्या जोखीम व्यवस्थापनात कसं घेतलंत ते दाखवा. पहिल्या भागासाठी आम्ही वर्षभर आधीच रूलीन नावाच्या मुलीला नोकरीवर घेतलं होतं. मुलगी म्हणजे चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई. ती खालच्या मजल्यावर बसायची. दुसऱ्या भागासाठी आमच्याकडे फोल्कर्ट होता, हिशेब आणि जोखमी दोन्ही सांभाळणारा, फ्रीसलंडचा उंच, मोजकं बोलणारा माणूस. तो वरच्या मजल्यावर. दोघांची गाठ पडायची ती कॉफीच्या यंत्रापाशी. तिथे ते हवामानाबद्दल बोलायचे.

जोखमींची बैठक मे महिन्यात होती. फोल्कर्टने भिंतीवर त्याचा तक्ता लावला. आडव्या बाजूला गोष्ट घडण्याची शक्यता, उभ्या बाजूला नुकसान किती ते. मधे चौकोन, हिरवे, पिवळे, लाल. डिझेलचा भाव, व्याजाचा दर, खलाशी न मिळणं, संगणकावर हल्ला, सगळं आपापल्या जागी. कडेला एक वेगळी पट्टी होती, ‘संधी’ नावाची, पूर्ण हिरवी.

मग रूलीनचा अहवाल आला. या तपासणीत प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारतात. आपल्या कामामुळे जगाचं काय होतं? आणि जगात जे होतंय त्यामुळे आपलं काय होईल? त्यासाठी ती खलाशांशी, नदीकाठच्या गावांशी, गिऱ्हाइकांशी बोलली होती.

फोल्कर्टने पानं चाळली. “चांगला झालाय. छपाईही छान आहे. परिशिष्ट म्हणून जोडू.”

“कव्हरवर बगळा आहे,” आरी म्हणाला. “माझ्याकडून मंजूर.”

“तो करकोचा आहे,” रूलीन म्हणाली.

“मग पुन्हा विचार करावा लागेल.”

मी वाचायला शिकले ती लग्नानंतर. बोटीवर वाढलेल्या मुलींचं तसंच व्हायचं. अजूनही मी कागद सावकाश आणि मोठ्याने वाचते, आणि ऑफिसात सगळे तेवढा वेळ कॉफी पितात. मी रूलीनचं पान वाचलं. “ऱ्हाईनचं पाणी उतरणं. गिऱ्हाइकांवर परिणाम, अतिशय गंभीर. कंपनीवर परिणाम, अतिशय गंभीर.” मग भिंतीकडे वळून फोल्कर्टची हिरवी पट्टी वाचली. “ऱ्हाईनचं पाणी उतरणं. उत्पन्नात वाढ.”

मी हातातलं पान भिंतीवरच्या पट्टीशेजारी धरलं.

“ही एकच नदी ना?” मी विचारलं.

फोल्कर्टने घसा साफ केला. “बाई, माझ्याकडे वीस वर्षांचे आकडे आहेत. पाणी उतरलं त्या प्रत्येक वर्षी आपला नफा वाढलाय. यात मतभेदाला जागा नाही.”

“आकडे बरोबरच आहेत,” रूलीन म्हणाली. “पण मी ज्यांच्याशी बोलले ते मागच्या वर्षांबद्दल बोलत नव्हते. ते पुढच्या वर्षांबद्दल बोलत होते.”

आरीने खुर्ची मागे सरकवली. “मुली, तू नदीवर किती वर्षं काढलीस?”

“एकही नाही. मी ग्रोनिंगेनची. आमच्याकडे गायी.”

“मग गायींचा अहवाल लिही की.”

“आधीच्या नोकरीत लिहिला होता, आरी. त्यातसुद्धा शेवटी पाणीच निघालं.”

आरी हसला. तो स्वतःवरच्या विनोदालाही हसायचा, हे त्याचं चांगलं होतं. पण त्याचं मत तसूभरही हललं नव्हतं, आणि बास्तियान तर घड्याळाकडे बघत होता. मी म्हटलं, “एकाच घरात एक गोष्ट वर हिरवी आणि खाली लाल असू शकत नाही. हे दोन कागद एक झाल्याशिवाय मी बोटींवर सही करणार नाही.”

“आई!” बास्तियान उभाच राहिला. “बोटी बांधणाऱ्या यार्डाने जागा फक्त महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलीय. ती गेली तर दोन वर्षं थांबावं लागेल.”

“थांबू.”

“आणि हे सगळं एका करकोच्याच्या पुस्तकासाठी?”

“या बोटी चाळीस वर्षं चालवायच्या आहेत, बास्तियान. त्या चुकल्या तर कंपनी गेली, आणि कंपनीबरोबर आपल्याकडे काम करणारी सगळी घरं गेली. तेवढ्यासाठी मी एक पुस्तक वाचू शकते.”

तो दार न आपटता गेला. आमच्याकडे माणूस फार चिडला की दार हळू लावतो.

दुसऱ्या दिवसापासून रूलीन तिचा कागद घेऊन वरच्या मजल्यावर बसायला लागली. मीही माझी खुर्ची तिथे नेली, कारण दोघांना एकटं सोडलं असतं तर ते पुन्हा हवामानावर बोलले असते.

“‘अतिशय गंभीर’ म्हणजे किती?” फोल्कर्टने सुरुवात केली. “माझ्या तक्त्यात विशेषणं बसत नाहीत.”

“आणि तुझ्या तक्त्यात कंपनीच्या बाहेरचा एकही माणूस बसत नाही,” रूलीन म्हणाली. “त्यांना कुठे ठेवू? टोपीच्या खुंटीवर?”

“खुंटीवर माझा रेनकोट असतो.”

असं दोन दिवस चाललं. दुपारी पाव, चीज आणि ताक. तेही दोघं आपापल्या कागदाकडे बघत खायचे. पण हळूहळू काम होत गेलं. तपासणीतली प्रत्येक गोष्ट तक्त्यावर चढवायची असेल तर तिला तीन गोष्टी लागतील, असं ठरलं. ती घडली तर नेमकं काय मोडेल, कोणती खूण दिसली की आपण हलायचं, आणि हलायचं ते कोणी. ज्या गोष्टीला माणूस नाही ती तक्त्यावर नाही. हा नियम फोल्कर्टचा होता, आणि रूलीनला तो तिच्या सगळ्या अहवालापेक्षा जास्त आवडला. इंजिनांचा धूर चढला, बोटींच्या बुडात साचणारं सांडपाणी चढलं, खलाशांच्या सुट्ट्या चढल्या. खलाशी न मिळण्याचा चौकोन तर सुट्ट्या कळल्यावर जागाच बदलून बसला.

पाणी उतरण्याशी येऊन मात्र दोघं अडले.

“गिऱ्हाईक आपल्याला सोडून जाण्याची शक्यता किती, हे मला हवं,” फोल्कर्ट म्हणाला. “ते कोण सांगणार?”

“गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाईक भाव पाडायला काहीही सांगतं.”

“म्हणून तू कधी विचारलंच नाहीस?”

फोल्कर्टने पेन खाली ठेवलं. “मी त्यांना बिलं पाठवतो. ती ते भरतात. मला वाटलं, हेच उत्तर आहे.”

मी फोन उचलला.

आमचा निम्मा माल ज्या कारखान्याचा होता तो जर्मनीत, मानहाइमच्या वरच्या बाजूला आहे. तिथल्या वाहतुकीची प्रमुख विब्के हॉलश्टाइन नावाची बाई होती. अकरा वर्षं मी तिच्याशी फोनवर बोलत होते, नाताळला कार्ड पाठवत होते. भेटले मात्र कधीच नव्हते. ती म्हणाली, “गुरुवारी या. कँटीनमध्ये पांढरं अस्परॅगस आहे.”

आम्ही तिघं गाडीने गेलो. रस्ता बराच वेळ नदीकाठाने जातो. पाणी त्या दिवशी चांगलं होतं, बोटी पूर्ण भरून चालल्या होत्या, आणि फोल्कर्ट त्यांची नावं मोठ्याने वाचत होता. त्याला बोटी आवडतात. हे मला त्या दिवशी कळलं.

विब्के बाई साठीच्या, आखूड केसांच्या, मोठ्या आवाजाच्या. अस्परॅगसवर वितळलेलं लोणी ओतताना त्यांनी विचारलं, “तर काय हवंय तुम्हाला?”

“तुमच्या दृष्टीने आम्ही कोण आहोत, ते,” रूलीन म्हणाली.

“खरं सांगू? जेवण झाल्यावर सांगते. माणसाने अशा गोष्टी उपाशीपोटी ऐकू नयेत.”

जेवण झाल्यावर त्या आम्हाला तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर त्यांचाही तक्ता होता. शाश्वततेची तपासणी आणि जोखमी त्यांनी तीन वर्षांपूर्वीच एकत्र केल्या होत्या. सगळ्यांत वरच्या कोपऱ्यात, लाल चौकोनात, आमच्या धंद्याचं नाव होतं. नदीवाटे येणारा कच्चा माल.

“मागच्या ऑगस्टात माझ्या दोन भट्ट्या बंद पडल्या,” त्या म्हणाल्या. “भट्टी म्हणजे चूल नव्हे, हवी तेव्हा पेटवता येत नाही. माणसांना घरी बसवलं. त्या आठवड्यांत तुमच्याकडून मला एकही फोन आला नाही. बिल मात्र वेळेवर आलं, जादा आकारासकट.”

फोल्कर्ट म्हणाला, “तो करारात आहे.”

“आहेच. मी भरला की नाही? तक्रार करत नाही, गृहस्था. मला विचारलंत म्हणून सांगतेय.” त्या खिडकीपाशी गेल्या आणि आम्हाला बोलावलं.

खाली, धक्क्याच्या मागे, माती उकरलेली होती. खडी पसरली होती, त्यावर नवे स्लीपर टाकले होते, आणि दोन माणसं रुळाचा एक तुकडा यंत्राने खाली उतरवत होती. रेल्वेची बाजूची लाइन थेट भट्ट्यांच्या गोदामापर्यंत येत होती.

“पुढच्या वसंतात सुरू होईल,” विब्के बाई म्हणाल्या. “संचालक मंडळाकडून मला याचे पैसे दहा वर्षांत मिळाले नव्हते. तुमची ऑगस्टची बिलं टेबलावर ठेवली, अर्ध्या तासात मंजूर झाले.”

मी त्या रुळाकडे बघत राहिले. आमचे वडील ज्यासाठी बाटली उघडायचे ते त्या बाईंच्या खिडकीतून असं दिसत होतं.

“म्हणजे आम्ही संपलो?” मी सरळ विचारलं.

“संपायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, ग्रीतबाई. रेल्वे मला आवडत नाही. संप करतात, उशिरा येतात. मला स्वस्त नको. मला येणारी बोट हवी. पाणी खाली गेलं तरी निम्मा माल घेऊन येईल अशी. तशी आणलीत, तर कारखान्याचा निम्मा माल तुमचा, दहा वर्षांच्या करारावर, आणि उथळ पाण्याचा जादा आकार दोघांनी मिळून आधी ठरवायचा. नाहीतर ही लाइन मी दुहेरी करते.”

“आणि खोल बुडाची, मोठी आणली तर?”

“तिचा फोटो पाठवा. कॅलेंडरवर छापू.”

परतीच्या वाटेवर कोब्लेन्झपर्यंत फोल्कर्टने नदीकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, “बाई, मी तो चौकोन चुकीच्या जागी ठेवला नव्हता. बरोबर जागाच माझ्या तक्त्यात नव्हती. त्यात एका वर्षाचा नफा दिसतो. दोन वर्षांनी गिऱ्हाईक काय बांधेल, ते दिसत नाही.”

“माझ्याकडे तो रूळ होता,” रूलीन म्हणाली. “एकोणिसाव्या पानावर, एका ओळीत. ‘गिऱ्हाईक पर्याय शोधत आहे.’ ते किती मोठं आहे हे मलाच कळलं नव्हतं. मला वाटलं, सगळेच पर्याय शोधतात.”

“मग आता?” फोल्कर्टने विचारलं.

“आता तू गाडी चालव आणि मी आकडे सांगते.”

बास्तियानला मी घरी बोलावून सगळं सांगितलं. त्याने समोरचं वर्तमानपत्र बाजूला सारलं. मग त्याने विचारलं, “रूळ खरंच टाकतायत? तू पाहिलेस?”

“पाहिले.”

“मग बुडाची खोली किती हवी?”

मी रूलीनने गाडीत काढलेला आकडा सांगितला. तो तिथेच वर्तमानपत्राच्या कडेला रेघा ओढायला लागला. रुंदी वाढवायची, पत्रा हलका घ्यायचा, पाणी मागे लोटणाऱ्या दोन मोठ्या पंख्यांऐवजी चार लहान बसवायचे म्हणजे उथळ पाण्यातही ते बुडालेले राहतील. रागावलेला होताच, पण माझा मुलगा रागातही चांगलं काम करतो. दुसऱ्या दिवशी तो यार्डात जाऊन बसला. जागा जाऊ न देता नकाशा बदलून घेतला. बोटी वर्षभर उशिरा मिळणार होत्या. ते त्याने मला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती.

राहिला आरी. तो त्याच्या जुन्या बोटीवर राहायचा, गावाजवळच्या बीसबोसच्या बंदरात. मी गेले तेव्हा तो डेकवर बसून ईल मासा सोलत होता.

“आलीस? तुझ्या त्या अहवालवाल्या मुलीने आता ईलचा अहवाल मागितलाय का?”

मी त्याला विब्के बाईंची खिडकी सांगितली. तो ऐकत होता आणि सोलत होता.

“आपला बाप मूर्ख होता असं म्हणायचंय तुला?”

“नाही. त्याच्या वेळी दर दहा वर्षांनी पाणी उतरायचं, आणि गिऱ्हाइकाला दुसरा रस्ता नव्हता. आता उन्हाळ्यामागून उन्हाळा उतरतं आणि रस्ता खिडकीखाली आहे.”

“म्हणजे मी जन्मभर दुसऱ्याच्या बंद भट्टीच्या नावाने प्यालो?”

“हो.”

त्याने मासा बादलीत टाकला. “चव मात्र चांगली होती,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “त्या बाईने खरंच एकदाही फोन आला नाही म्हटलं?”

“एकदाही नाही.”

“हे वाईट झालं, ग्रीत. हे बरोबर नाही. माल अडकला तर आपण धक्क्यावर जाऊन उभं राहायचो. टोपी काढून सांगायचो.”

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पुन्हा बसलो. फोल्कर्टने सगळ्यांसमोर संधीच्या पट्टीतला हिरवा चौकोन पुसला आणि पाणी उतरणं लाल कोपऱ्यात लिहिलं. मोडणार काय, तर आपला निम्मा धंदा. खूण कोणती, तर काउबचा आकडा ठरलेल्या रेषेखाली जाणं. मग त्याने विचारलं, “माणूस?”

सगळ्यांनी रूलीनकडे पाहिलं. तिने कागद जवळ ओढले होते. काम आपल्याकडेच येणार, अशा तयारीत ती होती.

“आरी,” मी म्हटलं.

“मी?” आरी म्हणाला. “मला जर्मन येत नाही.”

“शिव्या येतात ना? बाकीचं शिक. आकडा रेषेखाली गेला की त्या दिवशी सकाळी तू विब्के बाईंना फोन करायचास. बिल जायच्या आधी. कोणती बोट कधी येईल, किती घेऊन येईल, हे सांगायचं. आणि तू फोन केल्याशिवाय फोल्कर्ट बिल पाठवणार नाही.”

“हे तक्त्यावर लिहिणार?”

“तुझ्या नावासकट,” फोल्कर्ट म्हणाला.

आरीने तक्त्याकडे, मग बास्तियानकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “लाल रंगात नको,” तो म्हणाला. “निळ्यात लिही.”

एवढाच त्याचा होकार होता. फोल्कर्टने निळं पेन शोधलं. मी सही केली. बँकेने कागद पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि कर्ज दिलं.

पहिली बोट २०२५च्या मार्चात पाण्यात उतरली. त्याच एप्रिलमध्ये ऱ्हाईन भर वसंतात खाली गेली, आणि आमच्या ओळखीच्या मोठ्या बोटी निम्म्याहून कमी माल घेऊन सरपटत होत्या. आमची नवी ठरल्याप्रमाणे भरून वर गेली. विब्के बाईंची रेल्वे सुरू झाली होती. निम्मा माल रुळावरून येत होता, निम्मा आमच्याकडून, आणि लाइन दुहेरी झाली नाही. तोवर सगळ्या गिऱ्हाइकांचे करार त्याच पद्धतीने, आकार दोघांनी आधी ठरवून, लिहायला आम्ही सुरुवात केली होती. रूलीन आता वरच्या मजल्यावर बसते. फोल्कर्ट आणि ती एकमेकांशी रोज भांडतात, आणि दर तीन महिन्यांनी एकच तक्ता माझ्यासमोर ठेवतात.

त्या एप्रिलमध्ये आरीने पाच वेळा फोन केला. त्याचं जर्मन भयानक होतं. विब्के बाई मला म्हणाल्या, “एवढ्या आदराने मला कोणी कधी चुकीचं बोललेलं नाही.” पाचव्या फोननंतर त्यांनी त्याला कारखाना बघायला बोलावलं. तो नव्या बोटीवरूनच वर गेला. भट्ट्या पाहिल्या, कँटीनमध्ये जेवला आणि खिडकीतून दिसणाऱ्या रुळांना नावं ठेवून आला.

माझा भाऊ आरी १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी डॉर्ड्रेख्टच्या इस्पितळात हृदयविकाराने वारला. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.